शुक्रवारची खुंटी

वार चुकलेला बाईंना खपत नसे. चहात साखर कमी पडली तर चालेल, चपलेचा अंगठा तुटला तर चालेल, पण मंगळवारला कुणी बुधवार म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. दूधवाला दाराबाहेरून सांगायचा, "बाई, परवा मंगळवारी मी नाही हं," की या कडी काढायच्या आधीच आतून म्हणायच्या, "परवा बुधवार. मंगळवार उद्या. नक्की कधी नाहीस ते आधी ठरव." गल्लीने त्यांचं नाव वारबाई पाडलं होतं ते उगाच नव्हे. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून त्यांना आवडलंही होतं.

बाई बालवाडीत शिकवायच्या. मोठ्या शाळेच्या मागे एक लांबट खोली, खाली सतरंज्या, मुलांच्या उंचीला येतील अशा दोन खिडक्या, बाहेर फरशीचं अंगण आणि अंगणात एक नळ. नळ असा लहरी की सोडला तर थांबायचा नाही आणि रुसला तर दिवसभर थेंब द्यायचा नाही. खोलीत फळ्याच्या शेजारी ओळीने सात लाकडी खुंट्या होत्या. या खुंट्या म्हणजे बाईंचा जीव की प्राण.

पूर्वी बाईही चारचौघींसारखंच शिकवायच्या. त्या म्हणणार आणि मुलं मागून बेंबीच्या देठापासून ओरडणार, सोमवारमंगळवारबुधवार, जसा काही तो एकच लांबलचक शब्द आहे. मग एखाद्याला विचारावं, "आज वार कोणता रे?" तर ते बाळ पुन्हा सोमवारपासून गाडी सोडायचं आणि रविवारला पोचून दम खायचं. बाईंनी हात टेकले. घरी येऊन नवऱ्याशी कुरकुर केली. त्यांचे यजमान हौशी सुतार. ते म्हणाले, "वार काय पोरांना दिसतो का? हाताला लागेल असं काहीतरी दे त्यांना." आणि एका सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी भिंतीत खुंट्या ठोकून दिल्या. बाई म्हणाल्या, "अहो, शाळा सहा दिवसांची. सातवी कशाला?" तर हातोडी न थांबवता म्हणाले, "आठवडा सात दिवसांचा असतो असं तूच जगाला सांगत फिरतेस."

मग एकेका खुंटीवर एकेक वस्तू आली. सोमवारी झारी, झाडांना पाणी घालायचं. मंगळवारी मातीची पिशवी, बुधवारी रंगाचे ब्रश, गुरुवारी वाळूत खेळायची फावडी. शुक्रवारी स्पंज. शुक्रवारी सगळी खेळणी नळाशी न्यायची, घासूनपुसून धुवायची आणि कट्ट्यावर उन्हात ओळीने मांडायची. शनिवारी फडकी, कारण शनिवार अर्धा आणि आवराआवरीचा. रविवारची खुंटी रिकामी. सकाळी त्या दिवसाची वस्तू काढायची, घरी जाताना परत टांगायची. झालं, मुलांच्या हातातच वार आला. जुलै उलटायच्या आत खोलीतलं शेंबडं पोरही छातीवर हात ठेवून आजचा वार सांगायला लागलं, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे यजमान गेले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खुंट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मुलं त्या खुंट्यांवरून काय काय गमती करायची. एकीची आजी एकदा सांगत आली, "बाई, काल गुरुवारी मी कुंडीत पाणी घालत होते, तर ही माझ्या हातातलं भांडं ओढते. म्हणते, आजी, घालू नकोस, सोमवार होईल ना." वर्गात एक ढब्बू म्हणून मुलगा होता. एका बुधवारी रंग संपले होते, तर हा दप्तर पाठीला लावून दारात उभा. म्हणे रंग नाहीत म्हणजे बुधवार नाही, आणि बुधवार नाही तर शाळा कसली, मी निघालो. बाई हे किस्से सगळ्यांना रंगवून सांगायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. खरं तर तिथेच घोडं पेंड खात होतं. पण हसताना कुणाला घोडं दिसतं?

त्या वर्षी मुंगी आली.

मुंगी हे तिच्या मामाने ठेवलेलं नाव. चार वर्षांची, हाडं मोजून घ्यावी अशी बारीक, आणि सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची. मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मुंगी त्याच्याकडेच राहायची. बाप तिच्या जन्माआधीच सोडून गेलेला. आई दूरच्या मोठ्या शहरात एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. राहायचीही तिथेच. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने यायची आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत जायची. आठवड्यातली एवढीच आई मुंगीच्या वाट्याला होती.

पहिले पंधरा दिवस मुंगी खिडकीला नाक लावून उभी राहिली. कुणाशी बोलणं नाही, खेळणं नाही. डबाही तिथेच उभ्याने खायची. बाईंनी विचारलं, "काय बघतेस गं?"

"आई."

"आज नाही येणार आई."

"उद्या?"

"उद्याही नाही."

मुंगी पुन्हा काचेकडे वळली. तिला आज काय आणि उद्या काय. कधी येणार हे ठाऊक नसलं की प्रत्येक क्षणाला वाट बघावी लागते, आणि ती तेच करत होती.  बाईंनी तिला उचललं, खुंट्यांपाशी नेलं आणि तिचा हात एकेका वस्तूवर ठेवला. "हे बघ. पाणी घालायचं, माती मळायची, रंग द्यायचे, वाळू उपसायची. मग हा स्पंज. स्पंजाच्या दिवशी आपण खेळणी धुवायची, आणि त्या दिवशी संध्याकाळी तुझी आई."

मुंगीने स्पंज दाबून बघितला. "मग आई?"

"मग आई. वार शिकलीस की तुला आपोआप कळेल."

आणि खरोखरच तसं झालं. शुक्रवारी खेळणी धुतली आणि संध्याकाळी आई गाडीतून उतरली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसंच. मुंगीने खिडकी सोडली. सोमवारी झारी घेऊन फिरायला लागली, वाळूत बसायला लागली. शुक्रवारी तर तिच्याकडे बघत राहावं. कापडी अस्वल, डब्यांची झाकणं, लाकडी घोडा, सगळं अशी घासायची की घोड्याचा रंग निघायची पाळी. बाई मोठ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, अभिमानाने म्हणाल्या, "बघा, वार पाठ करायची गोष्टच नाही. वार हाताला लागावा लागतो."

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका शुक्रवारी नळ रुसला. सकाळपासून ठणठणाट. बाईंनी दहादा तोटी फिरवून बघितली, मदतनीस मावशींनी नळाला दोन थपडाही मारल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "चला, आज गाणी म्हणूया. स्पंज राहू दे खुंटीवर." मुलं गाणी म्हणायला बसली. मुंगी बसली नाही. ती स्पंजाखाली उभी राहून बाईंकडे बघत होती. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, पाण्यात खेळायला मिळालं नाही म्हणून रुसलीय.

त्याच संध्याकाळी आई आली नाही.

सोमवारी मामा मुंगीला सोडून घाईघाईने निघून गेला. मुंगी दारातच थांबली आणि म्हणाली, "बाई, आपण शुक्रवार केलाच नाही."

"झाला की शुक्रवार. शुक्रवार झाला, शनिवार झाला, रविवार झाला, आज सोमवार. झारी घे बघू."

मुंगीने झारी घेतली. बाई समाधानाने दुसऱ्या मुलाचं नाक पुसायला वळल्या. पोरीच्या तोंडून सगळं बाहेर आलं होतं, पण त्यांचं लक्ष कुठे होतं? त्यांनी नेहमीसारखी वाराची चूक तेवढी दुरुस्त केली.

मंगळवारी मातीचा दिवस. मुलं कोपरापर्यंत बरबटलेली. दुपारी हात धुवायला सगळी नळाशी गेली, मावशी एकेकाचे हात धुऊन आत पाठवत होत्या. बाई खोलीत सांडलेली माती गोळा करून पलीकडच्या खड्ड्यात टाकायला गेल्या होत्या. परत येऊन डोकी मोजली तर एक कमी. मुंगी नव्हती. बाहेर असेल म्हणून बाहेर गेल्या, संडासाकडे असेल म्हणून तिकडे गेल्या, मोठ्या शाळेच्या पायऱ्यांवर बघितलं. कुठेच नाही. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, आत्ता तर इथे होती हो, अगदी आत्ता."

तेवढ्यात बाईंची नजर मागच्या कट्ट्यावर गेली. तिथे खेळणी मांडलेली होती. लाकडी घोडा, डबे, झाकणं, बाहुली आणि शेवटी कापडी अस्वल. ओळ अगदी शुक्रवारच्यासारखी. शेजारी झाडांसाठी भरून ठेवलेली बादली रिकामी, आणि सगळ्यांमधून पाणी गळत होतं. एरवी ज्यांना पाणी लागू द्यायचं नाही ते पुठ्ठ्याचे ठोकळेही धुऊन फुगवून ठेवले होते. बाई धावत आत गेल्या. शुक्रवारच्या खुंटीखाली स्टूल ओढलेलं आणि खुंटी मोकळी.

 आजीच्या हातातलं भांडं, ढब्बूचा बुधवार, सोमवारी दारात थांबलेली मुंगी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. पाणी घातलं की सोमवार होतो. खेळणी धुतली की शुक्रवार होतो. गेल्या शुक्रवारी खेळणी धुतली नाहीत, म्हणून शुक्रवार झाला नाही, म्हणून आई आली नाही. पोरीने हिशेब चोख केला होता. तो तसा करायला तिला बाईंनीच शिकवलं होतं.

"मावशी, मुलांकडे बघा," एवढंच म्हणून बाई निघाल्या ते थेट गाडीच्या थांब्याकडे. त्या वयात त्या धावतात हे गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. मधे मोठा रस्ता. ट्रक जातात, टेम्पो जातात, सिग्नल कुणी पाळत नाही. बाईंनी तो रस्ता कसा ओलांडला ते त्यांना नंतर आठवेना. मनात एकच, चार वर्षांच्या जिवाने हा कसा ओलांडला असेल.

मुंगी थांब्यावरच्या बाकावर बसली होती. दप्तर मांडीवर, फ्रॉक पुढून पार भिजलेला, पाय अधांतरी. शेजारी केळीवाला बसला होता. तो म्हणाला, "तुमची का ही? रस्त्याच्या कडेला उभी होती, मी हात धरून आणली. नाव विचारलं तर म्हणते शुक्रवार आहे."

बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या बाकावर मटकन बसल्या. रागवायचं होतं, पण श्वास पुरेना. मुंगीच त्यांना समजावत म्हणाली, "मी सगळं धुतलं बाई. एकटीने. आता येईल गाडी."

बाईंनी तिला उचलून तडक न्यायला हवं होतं. पण मुंगी बाकाची कड घट्ट धरून बसली होती आणि तिचा हात सोडवायचा बाईंना धीर झाला नाही. केळीवाल्याला त्यांनी हळूच शाळेत निरोप द्यायला पाठवलं आणि त्याच्या केळ्यांवर लक्ष ठेवत बसून राहिल्या. गाडी आली. माणसं उतरायला लागली. एक म्हातारे गृहस्थ, दोन कॉलेजच्या मुली, पोतं घेतलेला माणूस, मग तान्हं बाळ घेतलेली बाई. तिला बघून मुंगी अर्धी उठली आणि परत बसली. सगळ्यांत शेवटी कंडक्टर उतरला, त्याने आळस दिला आणि दार लावलं.

मुंगी रडली नाही. गाडीच्या बंद दाराकडे बघत तिने विचारलं, "अस्वल नीट धुतलं नाही का मी?"

 इतकी वर्षं बाईंनी शिकवलं, त्याचं हे फळ. आई आली नाही याचा दोष त्या पोरीने स्वतःकडे घेतला होता, अस्वल नीट न धुतल्याचा. बाईंनी तिला जवळ ओढलं. "नाही गं राजा. तू छान धुतलंस. वार आपण करत नसतो. ते आपले आपण येतात. खेळणी धुवा, नाहीतर धुऊ नका."

"मग आपण खुंटीवरून का काढतो?"

केळीवाला परत आल्यावर जगभराचे वार दुरुस्त करणाऱ्या बाईंनी तिचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिला कडेवर घेऊन शाळेची वाट धरली.

शाळेत मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. आधी त्यांनी मुंगीला आत पाठवलं. मग म्हणाल्या, "तिचं काही बरंवाईट झालं असतं तर आपण काय तोंड दाखवलं असतं?" बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मोठ्या बाई रागवायचं तेवढं रागावल्या, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. शेवटी आवाज उतरवून म्हणाल्या, "खुंट्या काढा असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीला तुम्ही आई कबूल केलीत. आता तिला काय सांगणार ते ठरवा."

संध्याकाळी मामा आला. हात ग्रीसने काळे, चेहरा त्याहून काळवंडलेला. बाई म्हणाल्या, "मामा, ताई का आल्या नाहीत?"

"तिच्या सुट्ट्या बंद केल्यात बाई. तिथल्या दोघीजणी काम सोडून गेल्या, सगळं हिच्या अंगावर पडलंय. गुरुवारीच फोन आला होता."

"मुंगीला सांगितलंत?"

"एवढ्याशा पोरीला काय सांगणार? म्हटलं पुढच्या शुक्रवारी येईल."

"येणार आहेत का पुढच्या शुक्रवारी?"

मामाने हातावरचं ग्रीस पुसायला घेतलं. ते पुसलं जाण्यातलं नव्हतं. "तिलाच माहीत नाही हो कधी सोडतील."

"मग तुम्ही हिला तिकडे घेऊन जा."

"ताई नको म्हणते. म्हणते, मुंगीने मला बघितलं की गळ्यात पडेल, सोडणार नाही, मग माझ्याच्यानं काम होणार नाही. काम गेलं तर खायचं काय? आणि माझं म्हणाल तर दुकान रविवारीच चालतं, सगळ्यांना सायकली रविवारीच लागतात."

"मी नेते," बाई म्हणाल्या. "रविवारी."

"तुम्ही कशाला तसदी घेता बाई, तुमचा एक सुट्टीचा दिवस."

सुट्टीचा दिवस म्हणे. याला कोण सांगणार की यजमान गेल्यापासून रविवार बाईंना खायला उठायचा. सहा दिवस खुंट्या होत्या. सातव्या दिवशी त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या, वाचलेला पेपर पुन्हा वाचायच्या आणि चार वाजल्यापासूनच सोमवारची चप्पल दारात काढून ठेवायच्या. पण हे असलं कुणाला सांगत बसायचं नसतं. त्या म्हणाल्या, "ताईंना कळवू नका. रागावल्या तर माझ्यावर रागावू देत."

त्या आठवड्यात बाईंनी मुंगीपासून काही लपवलं नाही. सरळ सांगितलं, या शुक्रवारी आई येणार नाही, खेळणी धुतली तरी नाही. तुझं काही चुकलं नाही, आईचंही नाही. रविवारी आपण दोघी तिच्याकडे जायचं. मुंगीने ऐकून घेतलं आणि खुंट्यांकडे बोट दाखवलं. "रविवारी तर काहीच नसतं," ती म्हणाली. शुक्रवारी पाणी धो धो आलं. सगळी मुलं नळाशी धावली, मुंगी हाताची घडी घालून लांब उभी राहिली. स्पंजाला तिने हात लावला नाही. बाईंनी दिला तरी घेतला नाही. वारावरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि बाईंवरचा किती शिल्लक होता ते सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी दोघी गाडीत बसल्या. मुंगीच्या मांडीवर ते कापडी अस्वल होतं, बाईंनीच शुक्रवारच्या आधी तिला शाळेतून घरी दिलेलं. मंगळवारचं धुतलेलं ते अजून आतून ओलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दुसरीकडे जाऊन बसली.  वाटेत एकदाच मुंगीने विचारलं, "आज नक्की रविवारच आहे?" आणि बाई म्हणाल्या, "रविवारच." त्याबाबतीत तरी त्यांना खात्री होती.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला लाँड्री. दारातूनच गरम वाफ अंगावर आली. आत कपाटाएवढी यंत्रं घरघरत होती, जमिनीवर साबणाचं पाणी वाहत होतं, मळलेल्या चादरींचे ढीग एकीकडे आणि पांढऱ्या घड्या एकीकडे. वॉचमनने आत निरोप दिला आणि मुंगीची आई बाहेर आली. पायात रबरी बूट, पुढे प्लॅस्टिकचा एप्रन, कोपरापर्यंत फेस. लेकीला बघून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग एकदम घाबरला. "काय झालं? हिला बरं नाही का?"

"सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी तिची बाई. भेटवायला आणलंय."

"मी नको म्हटलं होतं भावाला." आईचा आवाज चढला. "आता ही सोडेल का मला? मी काम कसं करू? तुम्हाला काय जातंय हो." बोलता बोलता तिने हात एप्रनला पुसले आणि खाली बसून ते पसरले.

मुंगी हलली नाही. बाईंचं बोट धरून, अस्वल छातीशी धरून, जागच्या जागी उभी राहिली. आईकडे अशी बघत होती जशी शेजारणीकडे बघावी. आईला वाटत होतं पोर गळ्यात पडेल आणि सुटता सुटणार नाही. पोर तर जवळही येईना. आईचे हात तसेच पसरलेले राहिले. "मुंगे," ती म्हणाली, "अगं, मी आहे." मुंगी बाईंच्या आणखी जवळ सरकली.

बाईंना वाटलं, आपण हे काय करून बसलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आई खाली मान घालून उठली. तिने समोर दिसत होतं त्याला हात लावला, अस्वलाला. आणि लाँड्रीतल्या बाईचं नाक ते. "हे कुणी धुतलं?" तिने विचारलं.

"मी," मुंगी म्हणाली. त्या सकाळचा आईशी बोललेला तिचा पहिला शब्द.

"धुतलंस छान. पण पिळलं नाहीस. आतून कुजतंय बघ. आण इकडे."

ती आत वळली. मुंगी अस्वलामागे गेली, आईमागे नव्हे. बाई दोघींच्या मागे. आईने अस्वल साबणाच्या पाण्यात बुडवलं, चोळलं, पोटाशी धरून पिळलं आणि पिळायच्या यंत्रात टाकलं. यंत्र घरघरायला लागलं. मुंगी बघत होती. मग तिची नजर हळूहळू खोलीभर फिरली. पाणी, फेस, टबात बुडवलेल्या चादरी, वाळत घातलेल्या ओळीच्या ओळी. आईचे दोन्ही हात फेसाने भरलेले.

"तू रोज धुतेस?" तिने विचारलं.

"रोज."

"सकाळपासून?"

"सकाळपासून रात्रीपर्यंत. संपतच नाही बघ."

मुंगी विचारात पडली. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली, अगदी बाईंच्यासारखी. मग एकाएकी तिचा चेहरा उजळला. नळ रुसल्यापासून जे कोडं तिला छळत होतं ते सुटलं होतं. आईने शुक्रवार चुकवला नव्हता. आईचा शुक्रवार संपलाच नव्हता.

"तुझ्याकडे रोज शुक्रवार असतो?"

आईला बिचारीला काय कळणार. ती हसून म्हणाली, "नाही गं वेडे. आज रविवार आहे."

मुंगीचा चेहरा पुन्हा उतरू लागला. ती वळली आणि तिने बाईंकडे बघितलं. वाराचं भांडण असलं की कुणाकडे बघायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. "बाई," ती म्हणाली, "तू सांग ना हिला."

बाईंनी दूधवाल्याला सोडलं नव्हतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सोडलं नव्हतं, स्वतःच्या नवऱ्यालाही कधी सोडलं नव्हतं. त्या घसा साफ करून, रोज जगाला सुनावायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "चुकलात तुम्ही. आज शुक्रवार आहे."

आईने चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. तोवर मुंगी तिच्या ओल्या एप्रनला जाऊन बिलगली होती, फेसात, डोक्यापासून पायापर्यंत. आईने एका हाताने यंत्र बंद केलं आणि दुसऱ्या हाताने तिला घट्ट धरलं. बाई दाराशी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या आणि घड्या केलेल्या चादरी त्यांच्या मांडीवर तिथल्या कामवालीने आणून ठेवल्या तेव्हा काही न विचारता मोजायला लागल्या.